बदकांचा रक्ताचा रिपोर्ट: आधी वय, नर-मादी आणि अंडं विचारा, मग आकडे बघा

भिलवडीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कृष्णाकाठच्या मळीत त्यांनी खाकी कॅम्पबेल बदकं पाळली आहेत. आठवड्याभरात अंडी निम्म्यावर आली, दोन माद्या कळपापासून बाजूला राहू लागल्या आणि दोन पिल्लं दगावली. म्हणून त्यांनी चौघांचं रक्त मिरजेच्या एका खासगी लॅबमध्ये, म्हणजे माणसांच्याच लॅबमध्ये तपासून घेतलं: दोन माद्या, एक नर आणि चार आठवड्यांचं एक पिल्लू. रिपोर्टवर जागोजागी ठळक 'एच' (जास्त) आणि 'एल' (कमी) छापून आले. पहिल्या मादीचं कॅल्शियम २४.६, ट्रायग्लिसराइड ११८०, कोलेस्टेरॉल २१२, अल्ब्युमिन २.०. दुसरीचं कॅल्शियम १०.१, ट्रायग्लिसराइड १५०. नराचं कॅल्शियम १०.४, पण एसजीओटी (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २९०. पिल्लाचं अल्कलाइन फॉस्फटेज ११५०, फॉस्फरस ८.२, एकूण प्रथिनं ३.० आणि युरिक ॲसिड १७.५. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की पहिलीला फॅटी लिव्हर झालंय, रक्तात चुना वाढलाय. शिंपल्यांचा चुरा बंद करा आणि लिव्हर टॉनिक सुरू करा. हे बरोबर आहे का, असं त्या विचारतात.

ताई, शिंपले बंद करू नका. केले असतील तर हे वाचून होण्याआधी परत ठेवून या.

ज्या रिपोर्टची तुम्हाला धास्ती वाटते, तो चारही रिपोर्टांत सगळ्यात कमी काळजीचा आहे. दुसऱ्या मादीचा रिपोर्ट तुम्ही 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवलात, पण तिचं अंडं खरोखर थांबलंय हे सांगणारा रिपोर्ट तोच. आणि ज्या कागदाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, त्या पिल्लाच्या कागदावर घाई करण्यासारखी गोष्ट आहे. हे सगळं असं उलटं दिसतं, कारण आकड्याशेजारी छापलेली मर्यादा प्रौढ माणसाची आहे. ती काढून बदकाची छापली तरी पुरेसं होणार नाही. चार आठवड्यांचं पिल्लू, वयात आलेला नर, अंड्यावरची म्हणजे अंडी देत असलेली मादी आणि अंडं थांबलेली मादी यांचं रक्त एकसारखं नसतंच. या चौघांची सरासरी काढून 'बदकाचं नॉर्मल' म्हणून एकच पट्टा ठरवला, तर तो इतका रुंद होतो की आजारी बदकही त्यात आरामात बसतं.

पहिल्या मादीपासून सुरुवात करू.

अंड्यावर नसलेल्या मादीचं आणि नराचं एकूण कॅल्शियम साधारण ८ ते १२ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं (दर शंभर मिलीमागे; चरबी, फॉस्फरस, युरिक ॲसिड आणि साखरेचे आकडेही तसेच धरा, प्रथिनांचे मात्र ग्रॅममध्ये). अंड्यावर आलेल्या मादीत ते २० च्या पुढे जातं, तिशीही गाठतं, आणि तो आजार नसतो. बीजांडकोश जागा झाला की इस्ट्रोजेन वाढतं. इस्ट्रोजेनच्या हुकमावर यकृत दोन गोष्टी मोठ्या प्रमाणात बनवायला लागतं: पिवळ्या बलकासाठी लागणारं व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन, आणि बलकातली चरबी वाहून नेणारे कण. दोन्ही रक्तातूनच बीजांडकोशाकडे जातात. व्हिटेलोजेनिनला फॉस्फरस जोडलेला असतो आणि त्याला कॅल्शियम चिकटतं. म्हणून मादी अंड्यावर आली की कॅल्शियम, फॉस्फरस, एकूण प्रथिनं, ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल हे सगळे आकडे एकत्र चढतात. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर जाणं यात नवल नाही. अशा मादीचं रक्त नळीत तासभर ठेवलं की वरचा द्रव स्वच्छ पिवळसर दिसत नाही, ताकासारखा गढूळ दिसतो. लॅबवाले त्यावर 'लायपेमिक सॅम्पल' असा शेरा मारतात आणि मालक घाबरतो.

हे आज कळलेलं नाही. ऑस्कर रिडल यांनी १९२६ मध्ये कबुतरांच्या रक्तातलं कॅल्शियम मोजून दाखवलं होतं की अंडं सुटण्याच्या सुमाराला मादीचं कॅल्शियम दुपटीच्या पुढे जातं आणि नंतर उतरतं. पुढे नर पक्ष्यांना इस्ट्रोजेन टोचून पाहिलं, तर त्यांचंही कॅल्शियम आणि चरबी तशीच चढली. म्हणजे नर आणि मादी यांच्या रक्तातला हा फरक जन्मापासून ठरलेला नाही, तो संप्रेरकाचा आहे. वयात येईपर्यंत दोघांचे आकडे जवळजवळ सारखेच असतात. खाकी कॅम्पबेलमध्ये साडेचार-पाच महिन्यांच्या आसपास ते फाकायला लागतात, आणि म्हातारपणी मादीचं अंडं कायमचं थांबलं की पुन्हा नराच्या जवळ येतात.

इथे एक बारकावा आहे. एकूण कॅल्शियम चढलं तरी रक्तात मोकळं असलेलं, स्नायू आणि मज्जातंतूंच्या कामी येणारं आयनाइज्ड कॅल्शियम जवळजवळ जागच्या जागी राहतं. ते शरीर काटेकोर सांभाळतं. तुमच्या रिपोर्टात फक्त एकूण कॅल्शियम आहे. त्यामुळे २४.६ हा आकडा 'रक्तात चुना साचलाय' असं सांगत नाही; 'बलक तयार होतोय' एवढंच सांगतो. उलटंही तितकंच खरं. अंडं अडकून मादी लुळी पडली आणि तिचं एकूण कॅल्शियम २० आलं, तरी मोकळं कॅल्शियम कमी पडलेलं असू शकतं. तेव्हा एकूण आकडा चांगला दिसतो म्हणून कॅल्शियम द्यायचं टाळू नये.

आता शिंपल्यांचा हिशोब तुम्ही स्वतःच करून बघा. बदकाचं अंडं ६५-७० ग्रॅमचं. त्यात कवच साधारण दहाव्या हिश्श्याचं, म्हणजे साडेसहा-सात ग्रॅम. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यात ४० टक्के कॅल्शियम. एका कवचाला सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे २५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पावणेदोन किलोच्या मादीच्या अंगात रक्त दीडशे मिलीच्या आसपास, त्यातला पातळ भाग ऐंशी-नव्वद मिली. २४.६ च्या दराने त्यात कॅल्शियम भरतं जेमतेम वीस-बावीस मिलिग्रॅम. रक्तातलं सगळं कॅल्शियम ओतलं तरी कवचाचा शंभरावा हिस्सा होत नाही! बाकीचं सगळं आतड्यातून आणि हाडांतून तासातासाला यावं लागतं. कवच बहुतेक रात्री घट्ट होतं, तेव्हा मादी खात नसते. अंड्यावर यायच्या आधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत मऊ जाळीदार हाडाचा एक थर तयार होतो (नरात हा थर नसतो). रात्री कॅल्शियम त्यातून निघतं आणि दिवसा खाण्यातून तो थर पुन्हा भरतो. शिंपले बंद केले तर रक्ताचा आकडा लगेच फारसा हलणार नाही, पण हाड पोखरत जाईल. आधी पातळ कवचाची अंडी, मग बिनकवचाची, मग पायातून गेलेली मादी. म्हणून शिंपले संध्याकाळी ठेवा, आणि पीठ करून नको, जाडसर ठेवा. जाड तुकडे गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, रात्रभर हळूहळू विरघळतात.

फॅटी लिव्हरबद्दल. अंड्यावरच्या मादीचं यकृत मुळातच मोठं, फिकट आणि चरबीचं असतं. लठ्ठ मादीत खरा आजार होतो, नाही असं नाही. पण तो ट्रायग्लिसराइडवरून ठरवता येत नाही. तुमच्या पहिल्या मादीची एसजीओटी ३८ आहे, म्हणजे यकृताच्या पेशी फुटत असल्याची काही खूण नाही. टॉनिकचे पैसे वाचवा.

मग ती बाजूला का राहते, आणि अंडं का देत नाही? मला या रिपोर्टमधला सगळ्यात कामाचा धागा हाच वाटतो. कॅल्शियम २४.६ आणि ट्रायग्लिसराइड ११८० म्हणजे बीजांडकोश आजही चालू आहे. अंडं खरंच आठवड्यापूर्वी थांबलं असतं तर हे आकडे एव्हाना उतरणीला लागले असते. ती अंडं बनवते आहे. तुम्हाला सापडत नाही एवढंच. शक्यता दोनच. ती बाहेर कुठेतरी अंडं घालते, नाहीतर अंडं पोटात राहतं.

पहिली शक्यता आपल्या भागात फार. बदक अंडं पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या आत घालतं. तुम्ही दिवस उगवताच खुराडं उघडत असाल, तर ती अंडं नदीच्या काठाला किंवा शेजारच्या उसाच्या सरीत टाकून येते. बदकांना एकदा आडोसा आवडला की रोज तिथेच. फडाला तोडणी लागली की उसतोडीच्या मंडळींना पाचटाखाली अंड्यांचा ढीग सापडतो आणि मालक तोवर औषधांवर खर्च करत असतो. चार-पाच दिवस सकाळी नऊपर्यंत सगळ्या माद्या कोंडून ठेवा, आत कोरडं तूस नाहीतर पाचट अंथरा आणि मोजा. कळपापासून बाजूला राहणं हे आजाराचं लक्षण असतं तसंच जागा धरलेल्या मादीचंही असतं.

दुसरी शक्यता तपासायला हात पुरतो. मादीला काखेत धरा आणि शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात त्यांच्यातलं अंतर बोटांनी बघा. अंड्यावरच्या मादीत तिथे दोन-तीन बोटं सहज बसतात आणि पोट मऊ लागतं. पोटात अंड्याएवढं टणक काही लागलं, ती कुंथत असेल, शेपटी वरखाली करत असेल, तर अंडं अडकलंय. त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. पोट लोंबतंय, पाण्याने भरल्यासारखं हलतंय आणि ती नेहमीपेक्षा ताठ उभी राहत्येय, तर बलक पोटात सांडल्याची शंका घ्यायची. तीही घरगुती उपचाराची गोष्ट नाही. रक्ताची तपासणी आणि ही बोटांची तपासणी सहसा एकच गोष्ट सांगतात. बोटांची फुकट आहे, म्हणून ती आधी करा.

आता दुसरी मादी. तिचं कॅल्शियम १०.१, ट्रायग्लिसराइड १५०. माणसाच्या कागदावर हे शहाण्यासारखे आकडे. पण सव्वा वर्षाच्या, ऐन उमेदीतल्या कॅम्पबेल मादीचे हे आकडे म्हणजे ती अंड्यावरून पूर्ण उतरली आहे. बोटांनी बघाल तर हाडं जवळ आलेली लागतील. का उतरली, ते रक्त सांगणार नाही. सध्या मार्गशीर्ष चालू आहे, आपल्याकडे दिवस अकरा तासांचा झालाय. लांब दिवस बीजांडकोशाला चालना देतात, आखूड दिवसांत माद्या अंडं सोडून पिसं झाडायला लागतात. खुराड्यात पिसं पडलेली दिसत असतील आणि पंखात नवी, रक्त भरलेली, निळसर देठाची पिसं फुटत असतील, तर काळजी नाही. तिला प्रथिनं नीट मिळू द्या. पहाटे आणि संध्याकाळी दिवा लावून उजेड चौदा ते सोळा तासांवर नेता येतो, पण तो पिसं पूर्ण भरल्यावर, एकदम नाही, आठवड्याला थोडा थोडा वाढवत. पिसं झडत नसतील आणि वजन उतरत असेल, छातीचं हाड टोचत असेल, तर मात्र कारण शोधायला हवं. आजारी मादी सगळ्यात आधी अंडं सोडते, आणि अंडं सोडलं की तिचा रिपोर्ट माणसाच्या नजरेला सुधारल्यासारखा दिसतो. याला भुलू नका.

दोघींचं अल्ब्युमिन 'एल' आलंय, त्याकडे दुर्लक्ष करा. पक्ष्यांचं अल्ब्युमिन माणसापेक्षा कमीच असतं, आणि माणसांच्या लॅबची रंगाची पद्धत पक्ष्यांच्या अल्ब्युमिनला नीट लागू पडत नाही. एकूण प्रथिनं मात्र बघण्यासारखी असतात. पिल्लात ती कमी, वाढत्या वयाबरोबर जास्त (रोगजंतूंशी गाठ पडत जाते तसं ग्लोब्युलिन वाढतं), आणि अंड्यावरच्या मादीत सगळ्यांत जास्त, कारण बलकाचं प्रथिन त्यात मोजलं जातं. तुमच्याकडे पहिली ५.९, दुसरी ४.६, नर ४.२, पिल्लू ३.० अशी उतरंड लागली आहे. वय आणि अंडं यांचा क्रम एवढ्यावरूनच लावता आला असता.

नराची एसजीओटी २९०. बदकात हा आकडा सहसा शंभराच्या आत असतो, म्हणून वाढलाय हे खरं. पण एसजीओटी फक्त यकृतात नसते, स्नायूतही भरपूर असते. तुम्ही लिहिलंय की नर धरायला अर्धा तास पळापळ झाली, पोराने त्याला पाय धरून उलटा आणला आणि त्याआधी दोन दिवस छातीत टेट्रासायक्लिनचं इंजेक्शन दिलं होतं. स्नायूला मार बसायला एवढं पुष्कळ आहे. अशा वेळी सोबत सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज करून घ्यायचं. सीके मुख्यतः स्नायूचं. ते लवकर चढतं आणि थोड्या दिवसांत उतरतं, एसजीओटी मागून सावकाश उतरते. दोन्ही वाढलेले असतील तर स्नायूचं दुखणं समजायचं. सीके जागेवर आणि एसजीओटी वर, तर यकृत किंवा आठवड्यापूर्वीचा जुना मार. म्हणून आधी रक्त आणि मग इंजेक्शन, हा क्रम पाळा. आणि बदकाला पायाला धरून कधीही उचलू नका. त्याचे पाय शरीराच्या मानाने नाजूक, लगेच सांध्यातून जातात. मानेला हलक्या हाताने धरून दुसरा हात पोटाखाली घालायचा.

नरात आणखी एक फरक असतो, जो तुमच्या रिपोर्टात नाही. वयात आलेल्या नराचं हिमोग्लोबिन आणि रक्तातला पेशींचा हिस्सा मादीपेक्षा थोडा जास्त असतो. नराचं संप्रेरक लाल पेशी वाढवतं; खच्ची केलेल्या कोंबड्यात हा फरक मावळतो. म्हणून मादीचं हिमोग्लोबिन नराच्या मानाने जरा कमी आलं की लगेच 'रक्त कमी' म्हणून लोहाच्या बाटल्या पाजू नयेत. पांढऱ्या पेशींची मोजणी माणसांच्या मशीनवर तर करूच नका. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, मशीन गोंधळतं आणि काहीच्या काही आकडा छापतं. ती मोजणी काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली करायची.

आता पिल्लू. त्याचं अल्कलाइन फॉस्फटेज ११५० बघून लॅबवाल्याने तुम्हाला फोन केला म्हणे. हा आकडा वाढत्या हाडाचा आहे. बदकाचं पिल्लू ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने हाड तयार करणाऱ्या पेशी हे एन्झाइम सोडतात. वाढ पुरी होत आली की ते उतरतं. फॉस्फरसही वाढत्या वयात जास्तच. मुडदूसमध्येही हे एन्झाइम चढतं, त्यामुळे पाय बघा: नडगी वाकलेली आहे का, चोच रबरासारखी दबते का. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कोंबडीच्या खाद्यावर ते कमी पडून पाय धनुष्यासारखे वाकतात. पाय सरळ असतील तर ११५० विसरून जा. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं रक्त तर बघूच नये. पोटात ओढून घेतलेला बलक जिरत असतो, कोलेस्टेरॉल आणि चरबी चढलेली असते. बाहेरून कोणालाही आजार वाटावा.

पण युरिक ॲसिड १७.५. इथे थांबा.

पक्षी नायट्रोजन युरियाच्या नाही, युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात. विष्ठेवरचा पांढरा भाग तोच. म्हणून मूत्रपिंडासाठी बदकात युरिक ॲसिड बघायचं. तुमच्या रिपोर्टातले युरिया ४ आणि क्रिएटिनिन ०.३ 'उत्तम' दिसतात, पण पक्ष्यात त्या दोन्हींवरून मूत्रपिंडाचं फारसं काही ठरत नाही. युरिक ॲसिड खाल्ल्यावर चढतं, आणि पिल्लाचं रक्त सकाळच्या खाण्यानंतर घेतलंय, तेव्हा त्यातला थोडा भाग जेवणाचा. तरी पहिल्या मादीचं ४.८ असताना पिल्लाचं १७.५, त्यात दोन पिल्लं मेलेली, आणि राहिलेल्यांच्या बुडाला पांढरा चिकटा, असं तुम्हीच लिहिलंय. हे नुसत्या जेवणाचं नाही.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे: 'सगळ्यांना एकच लेयर मॅश देतो.' लेयर मॅश म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य, त्यात कॅल्शियम तीन टक्क्यांच्या वर असतं. पिल्लाला एक टक्का खूप झालं. अंड्यावरच्या मादीला ते कॅल्शियम कवचात टाकता येतं. पिल्लाला टाकायला जागा नाही, सगळा भार मूत्रपिंडावर पडतो. आठवडा दोन आठवडे हे चाललं की मूत्रपिंड सुजतं, युरिक ॲसिड बाहेर पडेनासं होतं आणि शेवटी आतल्या अवयवांवर बसतं. पुन्हा पिल्लू मेलं तर लगेच पुरू नका. डॉक्टरकडून उघडून घ्या. हृदयाच्या पिशवीवर, यकृतावर खडूची पूड शिंपडल्यासारखा पांढरा थर आणि फुगलेली, पांढऱ्या रेघांची मूत्रपिंडं दिसली तर गाऊट नक्की. ते एक पोस्टमॉर्टेम दहा रक्ततपासण्यांपेक्षा जास्त सांगतं.

तोवर थांबायचं कारण नाही. आजच पिल्लं वेगळी करा, त्यांना स्टार्टर म्हणजे पिल्लांचं खाद्य सुरू करा, आणि पाणी चोवीस तास, नाकपुड्या बुडतील एवढ्या खोल भांड्यात. पाणी कमी पडलं की युरिक ॲसिड आणखी चढतं. घरचा मका आणि शेंगपेंड पिल्लांच्या तोंडाला लागू देऊ नका, निदान कुबट वास येतो ती तरी. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनला बदकाचं पिल्लू पाळीव पक्ष्यांत सगळ्यात नाजूक. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कींची पिल्लं हजारोंनी मेली तेव्हा सोबत बदकांची पिल्लंही मेली होती, आणि माग काढत गेल्यावर सापडली ती शेंगदाण्याची पेंड. तासगाव-पलूसकडे पावसात भिजलेली पेंड स्वस्तात मिळते. ती बदकांच्या वाट्याला नको. अफ्लाटॉक्सिनमध्ये यकृताला प्रथिनं बनवता येत नाहीत, एकूण प्रथिनं घसरतात. तुमच्या पिल्लाचं ३.० हे वयाला धरून चालण्यासारखं आहे, पण त्याच वयाच्या बाकीच्या पिल्लांशी ताडून बघितल्याशिवाय मी त्यावर शिक्का मारणार नाही.

पुढचं रक्त घेताना काय करायचं ते आत्ताच सांगतो, म्हणजे पुन्हा पैसे वाया जायला नकोत. आजारी एकाचं रक्त घेऊन पुस्तकाशी ताडू नका. त्याच कळपातल्या, त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या आणि अंड्याच्या त्याच अवस्थेतल्या चार-पाच धडधाकट बदकांचं रक्त सोबत घ्या. संदर्भमर्यादा शास्त्रशुद्ध ठरवायची तर एकेका गटात १२० नमुने असावेत असं मानतात. तेवढे कुणाकडेच नसतात, पण शेजारचं निरोगी बदक माणसाच्या छापील मर्यादेपेक्षा नेहमीच चांगला साक्षीदार. रात्री खाद्य काढून घ्या, पाणी ठेवा. सकाळी लवकर, शांतपणे, एकेकाला धरून घ्या. पायाच्या आतल्या बाजूची शीर बदकात चांगली सापडते, पंखाखालचीही चालते. वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घेऊ नये. दोनशे ग्रॅमच्या पिल्लाचं दोन मिली ही अखेरची हद्द, त्याला अर्धा मिली पुरे. रसायनाच्या तपासण्यांना हिरव्या झाकणाची, म्हणजे हेपॅरिनची नळी. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खोटं कमी येतं आणि पोटॅशियम खोटं जास्त. रक्त तासाभरात फिरवून वरचा भाग वेगळा करायला सांगा.  बदकाची साखर माणसाच्या दुपटीच्या घरात असते, त्यामुळे तुमचा १८८ आकडा चांगलाच आहे. ११० आली असती तर मी दचकलो असतो.

लॅबला यादी देताना एवढंच मागा: एकूण प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड, एसजीओटी आणि सीके. माद्यांत ट्रायग्लिसराइड घेतलं तर अंड्याचा अंदाज येतो. बिलिरुबिन वगळा, पक्ष्यांचं पित्त हिरव्या बिलिव्हर्डिनचं, बिलिरुबिन त्यांच्यात जवळजवळ बनतच नाही, यकृत बिघडलं तर विष्ठा हिरवी होईल पण कागदावर ०.१च येईल. एसजीपीटी हे एन्झाइमही वगळा, बदकाच्या यकृताबद्दल ती बोलत नाही. नळीवर नावाऐवजी हे लिहा: वय किती आठवडे, नर की मादी, शेवटचं अंडं कधी, पिसं झडतायत का, कोणतं इंजेक्शन कधी दिलं.

पिल्लांची मर चार दिवसांत थांबली नाही तर ताजं मेलेलं पिल्लू बर्फात घालून (फ्रीजरमध्ये गोठवून नको) शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. कराडमार्गे महामार्गाने सकाळी निघालात तर दुपारच्या आत पोचाल. सोबत लेयर मॅशचा आणि पेंडीचा पाव-पाव किलो नमुना कागदी पिशवीत घ्या. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून वाटेतच बुरशी वाढते.